कागदाएवढी पायरी

भाद्रपदातला दुसरा पंधरवडा लागला, की लातूरच्या बाजारात गवारीला आणि तांबड्या भोपळ्याला एकदम भाव येतो. एरवी पोरं ताटात बाजूला सारतात त्या भाज्यांसाठी बाया हमरीतुमरीवर येतात. मीही येते. यंदा नवमीला आईचं पान वाढलं. पान गच्चीवर ठेवलं, बाजूला उभी राहिले. कावळा आला, खिरीकडं बघितलंसुद्धा नाही, वडा उचलून गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, लगेच शिवला हो, समाधानी आहेत तुमची माणसं. मी बरं म्हणाले. मला काही वाटलं नाही. पाय दुखत होते आणि खाली गॅसवर कढी होती.

आता दोन पानं वाढते. नवमीला आईचं, त्यानंतर तीन दिवसांनी अण्णांचं. दोन्ही दिवशी मी अगदी व्यवस्थित असते. भाजीत मीठ बरोबर पडतं. घरातले माझ्याकडं चोरून बघतात, आता हिचे डोळे भरतील म्हणून, आणि मग आपापलं जेवायला लागतात. लोकांना या दिवसांत गेलेली माणसं आठवतात म्हणे. मला मात्र रॉकेलच्या परातीत धुतलेल्या लोखंडाचा वास येतो, तोही स्वयंपाकघरात उभी असताना. आता याला काय म्हणावं?

माझं माहेर नांदेडचं. मुदखेडकडं जाणाऱ्या रस्त्याला, गावाबाहेर, अण्णांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कडुनिंब आणि कडुनिंबाच्या फांदीला लटकवलेली साखळी, इंजिन उचलायला. माणिक मिस्त्री म्हटलं की माहूरच्या रस्त्यावरचा कुठलाही जीपवाला ओळखायचा. आणि पितृपंधरवडा हाच अण्णांचा कामाचा हंगाम. त्या दिवसांत लग्न नाही, साखरपुडा नाही, मुलगी बघायला जाणं नाही. जीप रिकाम्या. आणि पंधरवडा संपला की दुसऱ्या दिवशी घट बसणार, माहूरच्या देवीला माणसांची रीघ लागणार. म्हणून ज्याला इंजिन खोलायचं तो याच पंधरा दिवसांत खोलायचा. कडुनिंबाखाली एका वेळी तीन-तीन इंजिनं उघडी पडलेली असत.

अडचण एकच होती. पितरात नवं काही आणत नाहीत, आणि इंजिन खोललं की सामान नवं लागतंच. यावर आमच्याकडच्या जीपवाल्यांनी काढलेला तोडगा मला अजून आवडतो. लायनर, रिंगा, पॅकिंग, सगळं सामान अनंत चतुर्दशीच्या आत आणून गॅरेजमध्ये ठेवायचं. त्याला हळदकुंकू लावायचं. म्हणजे ते वापरातलं झालं, नवं राहिलं नाही. पितरांना हे पटत असेल का, असं मी एकदा अण्णांना विचारलं होतं. अण्णा म्हणाले, पितरंबी जीपमधनंच माहूरला गेलेली हायत.

लायनर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनाचं धड म्हणजे ब्लॉक. त्यात चार मोठी भोकं. प्रत्येक भोकात लोखंडाचं एकेक नळकांडं बसवलेलं असतं, तो लायनर. पिस्टन त्याच्यात वरखाली करतो. लायनर झिजला की उपटून काढायचा, दुसरा घालायचा, ब्लॉक तोच राहतो. लायनरच्या आतून आग, बाहेरून पाणी, खालून ऑइल. या तिघांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची न्हाई, एवढंच मिस्त्रीचं काम, बाकी सगळे नट आवळणारे, असं अण्णा म्हणायचे. खालच्या बाजूनं पाणी अडवायला रबराच्या रिंगा. त्या अंगाच्या साबणाच्या पाण्यात बुडवून बसवायच्या, म्हणजे पीळ पडत नाही. ऑइल लावलं तर रबर फुगतं. आणि वरच्या बाजूनं हेडचं, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी झाकणाचं, पॅकिंग.

वरची बाजू जास्त अवघड. लायनरला वर एक कड असते, ती ब्लॉकमधल्या खाचेत बसते आणि ब्लॉकच्या तोंडापासून केसभर वर राहते. तेवढी राहावीच लागते, म्हणजे हेड आवळल्यावर पॅकिंग दाबलं जातं. पण चारही लायनर सारखेच वर पाहिजेत. एखादा जास्त वर राहिला तर हेड त्याच्यावरच टेकतं, शेजाऱ्यावर दाब पडत नाही, आणि तिथून पॅकिंग जळतं. हे मोजायला पट्टी मिळते, पातळ पात्यांचं गेज मिळतं. अण्णांकडं दोन्ही होतं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. त्यांनी ते कधी वापरलं नाही. ज्याचा हातावर भरवसा न्हाई त्यानं पट्टी लावावी, असं त्यांचं म्हणणं. ते अंगठ्याचं नख ब्लॉकवरून लायनरवर सरकवायचे. एक, दोन, तीन, चार. नखाला पायरी लागते. चार पायऱ्या सारख्या लागल्या की म्हणायचे, लावा हेड. जीपवाले हे बघायला मुद्दाम थांबायचे. किनवटहून, भोकरहून माणसं इंजिन घेऊन यायची ती या नखासाठी. अण्णांजवळ दुसरं काही नव्हतं. शिक्षण चौथी, गॅरेजची जागा दुसऱ्याची, नाव तेवढं स्वतःचं.

मी लहान असताना कौतुकानं मलाही बोलवायचे. फिरव नख, सांग काय लागतंय. मला काय कळणार? मी म्हणायची, सारखं हाय अण्णा. चारचौघं हसायचे, अण्णा खूश व्हायचे, मला गोळ्या मिळायच्या. त्या खेळात उत्तर एकच होतं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षाचा तो पंधरवडा. आई गेल्याला दीड वर्ष होत आलं होतं. मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होते, अजूनही आहे. अण्णा एकटे राहतात, नवमीचं सगळं कोण करणार, म्हणून तीन आठवड्यांची रजा टाकून नांदेडला गेले. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते. लोकांनी पाठीवर हात फिरवले, रड बाई, मोकळी हो म्हणाले. मला कसनुसं झालं, एवढंच. मग तेही गेलं. दीड वर्षात मी दोनदा सिनेमाला गेले, पडदे बदलले, वजन वाढवलं. आपल्यात काहीतरी बंद पडलंय हे मला कळत होतं, पण त्याचं वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

मी नांदेडला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांना चहा दिला. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, मला पदराशिवाय धरवेना. अण्णांनी तो मुठीत घेतला आणि तसेच बोलत बसले. मी त्यांची बोटं बघितली. तर्जनीच्या पेरावर फोड, अंगठ्याला जुना भाजल्याचा डाग. हे काय, म्हटलं. म्हणाले, सायलेंसर लागला असंल. कधी लागला? ते त्यांना माहीत नव्हतं. साखर बरीच वर्षं होती, गोळ्या मनाला येईल तशा घ्यायचे. त्यांच्या बोटांना काही कळत नाही हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी दवाखान्यात जाऊ म्हणाले, ते बघू म्हणाले, आणि मी पेला विसळायला गेले. बोटांना कळत नाही तर ते लायनर कसे बघतात, हा साधा प्रश्न मला पडला नाही. पडायला पाहिजे होता. प्रयोगशाळेत काम करते ना मी.

त्या वर्षी कडुनिंबाखाली दिगंबरची जीप होती. दिगंबर मुदखेडचा, चाळिशीचा, भरपूर बोलणारा आणि अण्णांना देव मानणारा. त्याच्या इंजिनाचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. चारही लायनर बदलायचे ठरले. सामान हळदकुंकू लावून आधीच आलेलं. मी रोज अकराच्या सुमाराला डबा घेऊन जायची आणि तिथंच बसायची, घरी करायचं काय? ऊन चिकट झालं होतं. रस्त्यापलीकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, त्यावर चतुर घिरट्या घालत. अण्णा ब्लॉकच्या खाचा पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत. खाचेत जुना मळ जरा जरी राहिला तर लायनर वर राहतो. ते खरवडून बोट फिरवत, मान हलवत, पुढच्या खाचेकडं जात. मी बघत होते. कडुनिंबाच्या निंबोळ्या कधीच्या संपल्या होत्या आणि बुंध्याशी मुंग्यांची रांग होती, हेही बघत होते.

नवमीला सकाळी अण्णांनी ब्लॉकमध्ये पाणी भरलं. लायनर बसवले की असं करायचं असतं. पाण्याच्या जागेत पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि वाट बघायची. खालची रिंग दगा देणार असेल तर कागदावर डाग पडतो. पाणी भरून आम्ही घरी आलो. मी स्वयंपाक केला, गल्लीतल्या एका सवाष्णीला जेवू घातलं, तिची ओटी भरली, साडी दिली. आईच्या आवडीचा रंग कोणता, असं तिनं विचारलं. मला आठवेना. अण्णा म्हणाले, अबोली. ती बाई डोळे पुसत गेली. मी भांडी घासली. दुपारी आम्ही गॅरेजला परत गेलो तर कागद कोरडा ठणठणीत. अण्णा उकिडवे बसून त्याच्याकडं बघत राहिले. बोटानं नाही तपासला, डोळ्यांनी तपासला, आणि मलाही बघायला लावला. खालचं काम चोख होतं.

दुसऱ्या दिवशी हेड लावायचं. दिगंबर होता, आणखी दोन जीपवाले चहा पीत उभे होते. अण्णांनी ब्लॉक पुसला, अंगठ्याचं नख चारही लायनरवरून फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ये माय, जरा तू फिरव नख.

लहानपणीनंतर पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी उठले. एक नंबरला बारीकशी पायरी लागली. दोन नंबरला नख अडखळलं. तीन आणि चार एक नंबरसारखेच. मी परत दोनवर आले. जास्त नाही, वहीच्या कागदाएवढं. पण होतं.

"काय लागतंय?" अण्णांनी विचारलं.

दिगंबर हसत होता. बाकीचे दोघं बघत होते. अण्णा फडक्याला हात पुसत होते, ते पुसून झाले तरी पुसतच होते. मिस्त्रीच्या तोंडावर, त्याच्या गिऱ्हाइकापुढं, लेकीनं म्हणायचं की तुमचं चुकलं? आमच्याकडं असं तोंड वर करून कुणी बोलत नाही.

"सारखं हाय अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, लावा हेड.

मला त्या वेळी अपराधी वाटलं का? नाही. भीती? नाही. मी डब्याची झाकणं लावली. आपल्या नखाला जे कळलं ते आपणच गिळून टाकलं, याचं निदान हसू तरी यावं. तेही नाही. पोटात एखादं जुनं कपाट असावं आणि ते कुणी हलवू नये, तशी मी बसून होते.

घटस्थापनेला दिगंबर नारळ फोडून जीप घेऊन गेला. दोन खेपा व्यवस्थित झाल्या. तिसऱ्या माळेला सकाळी त्याचा फोन आला. माहूरचा चढ लागल्याबरोबर रेडिएटर उकळला, पाण्यात बुडबुडे येऊन राहिले. जीपमध्ये ओट्या घेतलेल्या बाया होत्या, त्या उतरून चालत वर गेल्या. मी फोन धरला होता, अण्णा शेजारी ऐकत होते. दिगंबर काय म्हणाला असेल? म्हणाला, मिस्त्रीला सांगा ताई, मीच पाणी कमी घातलं असंल. त्याला कळलं होतं. नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी त्याची जीप घाटात बंद पडली होती आणि तो अण्णांची चूक स्वतःच्या अंगावर घेत होता. अण्णांनी हे ऐकलं आणि पायात चपला घातल्या.

ओळखीच्या ट्रकला बांधून जीप दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली आली. अण्णांनी दिगंबरला चहा आणायला पाठवलं आणि हेड उचललं. पॅकिंग दोन आणि तीनच्या मधे जळलं होतं, काळंठिक्कर, बोटभर. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. मी बघितलं.

"तुला लागलं होतं ना गं नखाला?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस?"

"चारचौघं होते अण्णा. तुमच्यापुढं मी कसं..."

ते ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले. बराच वेळ पॅकिंगकडंच बघत बोलले. म्हणाले, मला चार वर्षं झाली, बोटाला कळत न्हाई. तुझी आई डबा घेऊन यायची. डबा ठेवता ठेवता ब्लॉकवर हात टेकायची, जशी काय दम खायला टेकली. मी कधी तिला सांगितलं न्हाई आन तिनं कधी विचारलं न्हाई. तिचं तिलाच कळलं असंल. जेवायला बसलो की वाढता वाढता सांगायची, दोन नंबर जरा बघा. चारचौघात मला कधी कमी केलं न्हाई तिनं, आन खोटंबी कधी सांगितलं न्हाई.

मग म्हणाले, "तुला मी खेळायला बोलावलं होतं का?"

दीड वर्ष तो माणूस आंधळ्यासारखा लायनर बसवत होता, देवाच्या भरवशावर. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी विचारलं होतं, त्याला जमेल तसं, चारचौघांत, मान न फिरवता. त्याला खरं उत्तर पाहिजे होतं. मी त्याला लहानपणीचं उत्तर दिलं, गोळ्या मिळायच्या ते. मला मान राखायचा होता. जीभ आवरण्याला आमच्याकडं मान राखणं म्हणतात, आणि मी त्यात पहिल्यापासून हुशार. अजूनही कधी कॉलेजात कुणी मोठ्या माणसानं चुकीचं काही लिहिलं आणि मी गप्प बसले, की अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी अडकल्यासारखं होतं. मी हात धुऊन येते.

रडू? नाही, तेव्हाही आलं नाही. छातीवर कुणी पाटा ठेवला होता आणि मी त्याच्याखालून बघत होते. दिगंबर चहा घेऊन आला. आम्ही तिघांनी प्याला. अण्णांनी पेला आधी जमिनीवर ठेवला, जरा थांबले आणि मग उचलला.

दुपारपर्यंत दोन नंबरचा लायनर उपटून निघाला. खाचेत मागच्या बाजूला जुन्या सिलिकॉनची एक खपली राहिली होती, बोटाच्या नखाएवढीसुद्धा नाही. अण्णांनी ती खरवडली, खाच रॉकेलनं धुतली, रबरी रिंगा परत साबणाच्या पाण्यात बुडवल्या, लायनर परत ठोकून बसवला, लाकडाचा ठोकळा ठेवून, चारी बाजूंनी हळूहळू. घाई होती. नवरात्राचा एकेक दिवस जात होता. दिगंबर आला होता, त्याच्याबरोबर त्याचा भाऊ, आणि मागच्या खेपेचे ते दोन जीपवालेही आले होते. बातमी पसरली होती. माणिक मिस्त्रीनं बांधलेलं इंजिन तीन दिवसांत परत आलं, हे बघायला लोक येणारच. सगळे तंबाखू मळत उभे होते.

अण्णांनी ब्लॉक पुसला. या वेळी त्यांनी स्वतःचं नख फिरवलंच नाही. बाजूला सरकले. मी पुढं झाले. एक. दोन. नख परत अडखळलं. आधीपेक्षा कमी, पण अडखळलं. मी तीन आणि चार बघितले, परत दोनवर आले, मग परत एकदा. भरवसा वाटेना म्हणून दुसऱ्या हाताच्या नखानं बघितलं. तेच.

जेवताना सांगता आलं असतं. आईसारखं, वाढता वाढता. डबा तर आणलाच होता. अर्धा तास थांबायचं, मग हळूच सांगायचं, आणि अण्णा काहीतरी निमित्त काढून लायनर परत उपटणार. सगळ्यांचं सगळं झाकलेलं राहिलं असतं. मी तेच करणार होते. पण अण्णा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनी आज नख फिरवलं नव्हतं.

"दोन नंबर अजून वर हाय अण्णा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तंबाखू मळणारे हात थांबले. दिगंबरनं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग खाली.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"कागदाच्या निम्मं असंल."

अण्णांनी मान डोलावली. लायनर उपटायचं अवजार उचललं, परत ठेवलं, आणि त्या चौघांकडं तोंड करून म्हणाले, "माझ्या बोटाला आता कळत न्हाई. साखरंनं गेलं. लई दिवस झाले."

रस्त्यानं एक एसटी गेली. मग दिगंबर खाकरला. टोपी काढली, परत घातली.

"मिस्त्री, मग जीप कधी न्यायला येऊ?"

"हिला विचार," अण्णा म्हणाले.